अडीच हेक्टरांची राखण

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीला खेटून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील २.५९ हेक्टर जमिनीला राज्य सरकारने २०२१ साली ‘जैवविविधता वारसा स्थळ’ असा दर्जा दिला. अडीच हेक्टर म्हणजे सुमारे साडेसहा एकर. कोकणातल्या एखाद्या सुखवस्तू बागायतदाराची काजूची बागही याहून मोठी भरेल. ज्या राज्यात मेळघाट आणि ताडोबा आहेत, त्या राज्याच्या राजपत्राने एवढ्याशा तुकड्याची दखल घ्यावी, हे वरवर पाहणाऱ्यास नवलाचे वाटेल. परंतु जंगलाचे मोल त्याच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. या साडेसहा एकरांत उभे असलेले वन सबंध सह्याद्रीत आज विरळा झाले आहे. आणि ते सरकारने दर्जा दिल्यामुळे वाचलेले नाही. गावाने ते आधीच वाचवून ठेवले होते, म्हणून त्याला दर्जा देता आला. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली नाही, तर यापुढची राखण कशी करावयाची याचे उत्तर सापडणार नाही.

हे वन जायफळाच्या कुळातील वृक्षांचे आहे. श्रीखंडात, बासुंदीत आणि तान्ह्या मुलाच्या गुटीत पडणारे जायफळ मूळचे दूरच्या मोलुक्का बेटांवरचे. पण त्याचे रानटी भाऊबंद सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांत पूर्वापार आहेत. मसाल्याच्या दुकानात रामपत्री म्हणून जी मिळते, आणि जायपत्रीत भेसळ करण्यासाठी जिचा सर्रास उपयोग होत आलेला आहे, ती यांपैकीच एका वृक्षाच्या बीवरची साल होय. या कुळातील काही जातींनी मात्र भलताच संसार पत्करला आहे. दोन टेकड्यांच्या बेचक्यातून वाहणारा ओहोळ सपाटीवर येऊन रेंगाळतो, पसरतो, आणि तेथली माती वर्षाचे बाराही महिने पाण्याने तुडुंब राहते. अशा जागी बहुतेक झाडांची मुळे कुजून जातात, कारण चिखलात प्राणवायू नसतो. हे वृक्ष त्यावर आपला तोडगा काढतात. काहींच्या बुंध्यापासून कमानीसारखी आधारमुळे फुटून चिखलात उतरतात; काहींची मुळे दुमडलेल्या गुडघ्यासारखी चिखलाच्या वर डोके काढतात आणि तेथून हवा घेतात. खाडीकाठची खारफुटी ज्याने पाहिली आहे त्याला ही तऱ्हा ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की येथे भरती-ओहोटी नाही आणि पाणी गोडे आहे. शास्त्रज्ञ या वनाला ‘मायरिस्टिका स्वॅम्प’ म्हणतात. मराठीत त्याला रानजायफळीची पाणथळ राई म्हणावयास हरकत नसावी.

जायफळाचे कुळ सपुष्प वनस्पतींतील अतिप्राचीन कुळांपैकी एक आहे, आणि त्याच्या सवयीही जुन्या, सावकाश काळाला साजेशा आहेत. नर-झाड वेगळे, मादी-झाड वेगळे. बी मोठे आणि जड. ते वाळले की मेले. धान्याप्रमाणे हे बियाणे सुकवून डब्यात साठवता येत नाही, त्यामुळे बियाणे-पेढीत जपून ठेवून पुढे केव्हा तरी जंगल उभे करू, ही सोय येथे नाही. बी पडले की त्याला ताबडतोब ओल हवी आणि सावली हवी. ते मातृवृक्षापासून दूर नेऊन टाकण्याचे काम धनेशासारखे मोठे फळखाऊ पक्षी करतात. बीवरच्या रंगीत, तेलकट आवरणाच्या लोभाने ते फळ उचलतात, आवरण पचवतात आणि बी टाकून देतात. म्हणजे या राईचा वंश चालावयाचा तर ओहोळ आटता कामा नये, छत्र मोडता कामा नये, पक्षी नाहीसे होता कामा नये, आणि थोडक्या झाडांत नर आणि मादी दोन्ही शिल्लक असली पाहिजेत. यांतील एकही अट कुंपण घालून पुरी होणारी नाही.

अशा पाणथळ राया एके काळी पश्चिम घाटाच्या पायथ्याशी पुष्कळ असाव्यात. आज त्यांचे अवशेष दक्षिण केरळात आहेत, उत्तर कन्नड जिल्ह्यात आहेत, आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात ‘निरंकाराची राय’ या नावाने ओळखले जाणारे देवाचे रान आहे. बाकीच्या कोठे गेल्या, याचे उत्तर सरळ आहे. बारमाही पाण्याची सपाट जमीन ही शेतकऱ्याला हवीच असते. तेथे भातखाचरे झाली, पोफळीच्या बागा झाल्या. ज्यांनी हे केले त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भुकेपुढे रानजायफळ कोणाला दिसणार? पण जे गेले त्याबरोबर काय काय गेले असेल, याचा अंदाज उरलेल्या तुकड्यांवरून येतो. केरळातील अशाच रायांत २०१३ साली बेडकाची एक नवी प्रजातीच नव्हे, तर नवी जातकुळीच सापडली. तिचे नाव ठेवताना संशोधकांनी पाचगणीत बालपण घालवलेल्या फ्रेडी मर्क्युरी या इंग्लंडमधील गायकाची आठवण जागवली, ही गंमत वेगळी. बांबर्ड्याच्या राईची शास्त्रीय नियतकालिकात नोंद झाली ती २०१८ साली, आणि ती या प्रकारच्या वनाचे ज्ञात असलेले उत्तरेकडील टोक म्हणून. प्रदेशाच्या टोकावर तगलेल्या वनाला शास्त्रात विशेष महत्त्व असते. हवामान बदलू लागले की कोणती जात कोठवर टिकते, हे प्रथम अशा टोकांवर कळते.

देवाचे म्हणून राहिले

मग दोडामार्गातली ही राई भातखाचर का झाली नाही? कारण ती देवाची होती. दक्षिण कोकणात देवराईला देवरहाटी असेही म्हणतात, आणि देवरहाटीचा कारभार हा गावऱ्हाटीचा भाग असतो. गावाचे मानकरी, घाडी, गुरव यांनी मिळून चालवलेली ती एक जुनी व्यवस्था आहे. रानातले झाड तोडावयाचे झाले तर देवाला गाऱ्हाणे घालावे, कौल लावावा, आणि देवाने कौल दिला तरच कुऱ्हाड उचलावी. तीही देवळाच्या कामापुरती. वाऱ्याने पडलेले लाकूडसुद्धा घरी न्यावयाचे नाही. राखणदार बघतो आहे, ही भावना पहारेकऱ्याच्या काठीपेक्षा अधिक परिणामकारक होती. पहारेकरी रात्री झोपतो. राखणदार झोपत नाही.

आधुनिक मनाला यात अंधश्रद्धा दिसते, आणि तिचा अंश त्यात आहे यात शंका नाही. या नियमांत सगळेच मंगल होते असेही समजण्याचे कारण नाही. कित्येक देवरायांत बायकांना प्रवेश नसे, काहींत आजही नाही. कोणी कोठपर्यंत जावयाचे, हे जातीवर ठरत असे. देवराईचे गोडवे गाताना या गोष्टी सोयीस्करपणे गाळल्या जातात. तथापि केवळ भीतीवर शेकडो वर्षे व्यवस्था टिकत नाही. तिच्या मुळाशी व्यवहारही असावा लागतो, आणि तो येथे होता. देवराई बहुधा झऱ्याच्या उगमाशी असते. तिच्या पानगळीखाली झिरपलेले पाणी फाल्गुन-चैत्रात गावच्या वहाळात येते. औषधाचा पाला तिथलाच, मधाची पोळी तिथलीच, आणि शेतावर उतरणाऱ्या पाखरांचा मुक्कामही तिथलाच. देवाला दिलेले रान गावाला असे परत मिळत असे.

या व्यवहाराची जाणीव गावकऱ्यांना किती स्पष्ट होती, याचा दाखला १९७० नंतरच्या दशकातला आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी त्या काळात पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. त्यांचे काम प्रसिद्ध होऊ लागल्यावर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या लोकांनी त्यांच्याशी संपर्क साधला. वनखात्याने गावची राई तोडीसाठी खुणावली होती, आणि ती गेली तर तिच्यातून येणारा गावाचा ओढा आटेल, अशी लोकांची धास्ती होती. अभ्यासकांनी रदबदली केली, खात्याने ऐकले, राई राहिली. या प्रसंगात देवीच्या कोपाची भाषा थोडी आणि पाण्याची भाषा अधिक होती, हे लक्षणीय आहे. सर्वत्र मात्र असे घडले नाही. पानशेतच्या खोऱ्यात धरणाबरोबर रस्ते आले, रस्त्यांबरोबर कोळशाचे ठेकेदार आले, आणि विस्थापनाने गाव विसकटले, तेव्हा ज्या राया पिढ्यान्‌पिढ्या अस्पर्श होत्या त्या थोड्या वर्षांत भट्टीत गेल्या. राखणारा समाजच उठला, की देव एकटा काय करणार?

वनखात्याला देवरायांची माहिती नव्हती असे नव्हे. इंग्रजी अमदानीतील पहिले वन-महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकातच देशभरच्या देवाच्या रानांची नोंद केली होती. परंतु जहाजे, रूळ आणि इमारती यांना लाकूड पुरवण्यासाठी उभारलेल्या खात्याच्या हिशेबात ज्या झाडाला कधीच कुऱ्हाड लागावयाची नाही त्याला रकाना नव्हता. हा रकाना स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे उघडला गेला नाही.

नवे भक्त, नवे पीक

आज कोळशाच्या भट्ट्या थंडावल्या आहेत; देवरायांपुढील संकटाचे रूप पालटले आहे. त्यांतले पहिले संकट भक्तीच्याच दाराने आले, ही मोठी विपरीत गोष्ट म्हटली पाहिजे. मुंबईस नोकरी-धंद्यात स्थिरावलेला चाकरमानी गावच्या देवाचे ऋण फेडू पाहतो. त्याचा हेतू शंभर टक्के शुद्ध असतो. पण शतकानुशतके उघड्या आभाळाखाली, झाडांच्या मुळांत बसलेल्या पाषाणाला तो छप्पर आणि लादी देतो, पुढे सभामंडप, त्यापुढे गाड्या लावण्याचे पटांगण. छप्पर चालत नाही अशी कित्येक ठिकाणी देवीची ख्याती. तेथेही आता कौल अनुकूल मिळू लागले आहेत. मंदिर वाढते तसतशी राई आकसते. जी उरते तिचीही ‘स्वच्छता’ होते: पालापाचोळा झाडून काढला जातो, झुडपे छाटली जातात, वेली तोडल्या जातात. रोपटी ज्या पाचोळ्यात रुजावयाची तो पाचोळाच गेल्यावर वर जुने वृक्ष आणि खाली मोकळी जमीन, असे दृश्य दिसू लागते. पाहणाऱ्याला ते प्रसन्न वाटते. वस्तुतः ते निपुत्रिकांचे घर असते. जुनी झाडे एकेक करून पडतील, आणि त्यांच्या जागी उभे राहावयास कोणी नसेल.

दुसरे संकट कुंपणापलीकडचे आहे, आणि बांबर्ड्याच्या संदर्भात तेच अधिक गंभीर आहे. दोडामार्गच्या डोंगरउतारांवर गेल्या काही दशकांत रबराची लागवड झपाट्याने पसरली; अननस आणि काजू आहेतच. एकाच जातीच्या झाडांच्या या रांगांना दुरून कोणी जंगल म्हणेल, पण तेथे धनेशाला घरट्यासाठी ढोली नाही आणि खाण्यास उंबर नाही. मलबारी धनेशाची मादी विणीच्या दिवसांत ढोलीत स्वतःला लिंपून घेते, आणि नर फटीतून तिला भरवतो. त्याला त्या दिवसांत फळांनी लगडलेली, पिढ्यांची जुनी झाडे आसपास लागतात. अशी झाडे पिकांच्या रांगांत वाढत नसतात. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीस मनाई केली. २०२० साली तिलारीच्या खोऱ्यातील २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण मनाईनंतरही तोडीच्या तक्रारी थांबल्या नाहीत, हे त्या भागातील कोणीही सांगेल. २००२ पासून कर्नाटकातून उतरणाऱ्या हत्तींनी ज्याची केळ आणि माड उद्ध्वस्त केले आहेत, त्या शेतकऱ्याला जंगलाच्या प्रेमाची प्रवचने ऐकवण्यात तसा शहाणपणा नाही. त्याच्या दृष्टीने रबर हे हत्ती न खाणारे, रोख पैसे देणारे पीक आहे.

राईच्या वरच्या अंगाचा उतार असा उघडा झाला, की पावसाचे पाणी मुरण्याऐवजी धावू लागते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात धावते पाणी म्हणजे मातीचा लोंढा. ओहोळ पावसाळ्यात गाळ आणतो आणि उन्हाळ्यात आटतो. वरच कोठे पंप बसला आणि पाणी बागेकडे वळले, तर राजपत्रातील २.५९ हेक्टर जसेच्या तसे राहतील, एकही झाड तोडले जाणार नाही, आणि तरीही राई मरेल. कारण कागदावर रक्षण झाले आहे ते जमिनीचे. राई जगते ती पाण्यावर, आणि पाण्याचा उगम त्या रेषेबाहेर आहे.

कायद्यांची गर्दी

कायद्यांची वाण आहे असे म्हणता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ हा प्रकार आला. त्याच वर्षीच्या जैवविविधता कायद्याने वारसा स्थळे आणि गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक रीतीने राखलेले वन राखण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील ओरण-देवरायांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा रानांचे सर्वेक्षण करून त्यांना वनाचे संरक्षण देण्याचा आदेश दिला, आणि सबंध देशासाठी देवरायांच्या व्यवस्थापनाचे धोरण आखावे अशी सूचना केंद्राला केली. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२३ साली, संसदेने वनसंवर्धन कायदा दुरुस्त करून त्याची व्याप्ती सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेल्या जमिनींपुरती आणून ठेवली होती. त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन १९९६ च्या गोदावर्मन निकालातील वनाची व्यापक व्याख्याच तूर्त पाळण्यास सांगितले, ही गोष्ट निराळी. पण नोंद नसलेल्या देवराईचे भवितव्य किती बारीक धाग्यावर लोंबते आहे, हे त्यावरून दिसले.

सगळा घोळ नोंदीतच आहे. एका गावची देवराई सातबाऱ्यावर देवस्थानच्या नावे, शेजारच्या गावची महसूल खात्याच्या नावे, तिसऱ्या गावची वनखात्याकडे, चौथीवर खासगी मालकाचे नाव. सामुदायिक राखीव क्षेत्र खासगी किंवा सामुदायिक जमिनीवरच जाहीर करता येते. सातबाऱ्यावर सरकारचे नाव असले की ती वाट बंद. मग ज्या गावाने रान राखले त्या गावालाच परवानगीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आपल्या देवाचे रान परक्याच्या नावे गेले, ही सल कोकणातील गावांत आहेच. जेथे ती बळावते तेथे राखणीची जबाबदारीही परक्याचीच मानली जाते, आणि मग पडलेले लाकूड घरी नेताना कोणाचा हात अडखळत नाही. सरकारी फलक लागला आणि कौल बंद झाला, तर त्या सौद्यात राईचे नुकसानच आहे. शिवाय शेकडो फलकांचे रक्षण करील एवढे मनुष्यबळ वनखात्याकडे नाही. होण्याची शक्यताही नाही.

अलीकडे नव्याने लावलेल्या झाडांच्या भूखंडांनाही ‘देवराई’ हे नाव देण्याची रीत पडली आहे. देशी झाडे लावली जातात हे चांगलेच. एके काळच्या ऑस्ट्रेलियन बाभळी आणि गिरिपुष्पाच्या लागवडीपेक्षा ते शतपटीने बरे. पण नावाच्या या साम्यामुळे गेलेली देवराई पुन्हा लावता येते असा भ्रम पसरतो. माती, बुरशी, ओल, पाखरे आणि शंभर-दोनशे वर्षे यांच्या संगनमताने जे घडते ते रोपवाटिकेतून आणता येत नाही, आणि ज्याचे बी महिनाभरही कोरडे राहू शकत नाही त्या रानजायफळीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

बांबर्ड्यापुरते बोलावयाचे तर कामे मोठी नाहीत. राईत येणाऱ्या ओहोळाचे पाणलोट क्षेत्र नकाशावर आखून त्याच्या उतारावर नवी तोड आणि नवा पंप होणार नाही, याची हमी घेतली पाहिजे. हा निर्बंध ज्यांच्या जमिनीवर पडेल त्यांना भरपाई मिळाली पाहिजे. वारसा स्थळामुळे ज्यांचे आर्थिक नुकसान होईल त्यांच्यासाठी योजना करण्याची तरतूद जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमात आहे. ती वापरावयाची आहे, नवी करावयाची नाही. नर-मादी झाडांची मोजदाद, रुजलेल्या रोपांची दरसालची नोंद, मे महिन्यात ओहोळात किती पाणी होते याचे टिपण, ही कामे गावातील शाळेची मुले आणि शिक्षक करू शकतील. त्यासाठी पुण्या-मुंबईहून तज्ज्ञ बोलावण्याची गरज वर्षातून एकदाच पडेल. दर्शनाला आणि दलदल पाहायला येणारी पावले मुळांवर पडू नयेत म्हणून वाट एकच असावी, आणि तीही राईच्या कडेने. वहिवाट, कौल आणि मानकऱ्यांचा अधिकार यांची दखल व्यवस्थापन समितीने लेखी घ्यावी. त्याच कागदावर गावातील स्त्रियांना आणि आजवर बाहेर ठेवलेल्या घरांना समितीत जागा द्यावी. रबराचा भाव उतरतो तेव्हा लागवड थांबते आणि जमीनमालक दुसरे काही ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. वरच्या उताराचा प्रश्न काढावयाचा तर तो त्या वर्षी काढलेला बरा.